गरोदरपणात ‘थोडीशी’ मोहाची घेतली तर बाळाला नेमकं काय होतं?

झाडीपट्टी_आशा (प्रश्न)

नमस्कार. गडचिरोली-चंद्रपूरच्या हद्दीवरच्या गावांसाठी विचारत आहे. सतरावा आठवडा चालू असलेली एक बाई आहे. दुसरं बाळंतपण, वजन ४३ किलो, हिमोग्लोबिन ९.२. घरीच मोहाची दारू निघते. रोवणीवरून आल्यावर रोज अर्धा ग्लास, सणाला नि पाहुणे आले की त्याहून जास्त. पोटुशी आहे हे दोन महिने उलटल्यावर कळलं, तोवर काहीच बंद नव्हतं. अजूनही नाही.

सासूबाईंचं म्हणणं, “मोहाची त औषधी हाय. आमी बी घेतली, आमचे पोट्टे काय येडे निघाले?” याला माझ्याकडे धड उत्तर नाही. मीटिंगमध्ये “गरोदरपणात दारू टाळा” एवढं एक वाक्य सांगतात आणि पुढच्या विषयावर जातात. मला त्याच्या पुढचं हवं आहे.

बाळाला नेमकं काय होतं आणि का होतं? तीन-चार महिने तर गेले, आता बंद करून उपयोग आहे का? सोनोग्राफीत कळतं का? आणि सोडवायची कशी, एकदम की हळूहळू?

---

वैअ_प्राआकेंद्र (वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र)

ताई, आधी ‘अर्धा ग्लास’ म्हणजे किती ते काढू, कारण सगळं तिथे अडतं.

घरातला स्टीलचा ग्लास साधारण २०० मिलीचा असतो, काही घरी २५० चा. मोहाच्या दारूला लेबल नाही, म्हणून टक्का ठरलेला नाही. सडवा (आंबवत ठेवलेली मोहफुलं) किती दिवस मुरला, भट्टीला आच किती दिली, पहिल्या धारेची आहे की शेवटची, यावर तो बदलतो. पहिली धार कडक, नंतरची पाणचट. २५ टक्के धरले तरी २०० मिलीत ५० मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे जवळपास ३९ ग्राम. ३५ टक्के धरले तर ५५ ग्राम. तुलनेला, ४२.८ टक्क्यांची ३० मिली दारू म्हणजे १० ग्राम, आणि आपल्याकडे यालाच ‘एक पेग’ धरतात. म्हणजे त्या बाईचा ‘अर्धा ग्लास’ दोन ते पावणेतीन पेगांचा, रोजचा. सणाच्या दिवशी पूर्ण ग्लास म्हणजे चार-साडेपाच पेग, एका बैठकीत. याला थोडी म्हणता येत नाही.

आता शरीराचा हिशेब. ४३ किलोच्या बाईचं यकृत तासाला साधारण पाच-सहा ग्राम अल्कोहोल जाळतं. पूर्ण ग्लासातले ३९ ग्राम जळायला सात-आठ तास जातात. तेवढा वेळ अल्कोहोल तिच्या रक्तात, आणि जेवढं तिच्या रक्तात जवळपास तेवढंच बाळाच्या रक्तात. आई-बाळाला जोडणारी वार पुष्कळ गोष्टी अडवते, अल्कोहोल अडवत नाही, कारण त्याचा रेणू लहान आहे आणि पाण्यातही विरघळतो, चरबीतही. आईकडे ते जाळणारं यकृत आहे. बाळाच्या यकृतात ते काम करणारं विकर नावापुरतंच असतं. बाळाचं अल्कोहोल मुख्यतः वारेतूनच आईकडे परत जाऊन जळतं. त्यात काही भाग गर्भजलात साठतो, बाळ ते पाणी गिळतं, आणि पुन्हा तेच. आई शुद्धीवर येऊन चुलीपाशी बसली तरी बाळाची सुटका झालेली नसते.

बिघडतं काय? अल्कोहोल आणि त्यापासून बनणारं अॅसिटाल्डिहाइड वाढणाऱ्या पेशींना मारतात. मेंदूच्या पेशी आपल्या जागी सरकत जाऊन बसतात, ते सरकणं चुकतं. वारेच्या रक्तवाहिन्या आकसतात, बाळाला प्राणवायू नि अन्न कमी मिळतं. फोलेटचं शोषण बिघडतं, आणि आपल्या भागात ते मुळातच कमी असतं.

कोणत्या आठवड्यात काय, हे पाळीपासूनच्या मोजणीने सांगतो. चौथ्या-पाचव्या आठवड्यात, म्हणजे पाळी चुकून चार-पाच दिवस होतात त्या सुमारास, चेहऱ्याची घडण ठरते. तेव्हा जास्त प्यायली तर डोळ्यांची फट आखूड, नाक नि वरच्या ओठामधली पन्हळ सपाट आणि वरचा ओठ पातळ अशी खूण राहू शकते. पाचव्या ते दहाव्या आठवड्यात हृदय बनतं, पडद्याला छिद्र राहण्याचा धोका तेव्हाचा. मेंदू मात्र पहिल्या महिन्यापासून बाळंतपणापर्यंत बनतच असतो आणि शेवटच्या तीन महिन्यांत सगळ्यात जोरात वाढतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. सतराव्या आठवड्यात बंद केली तर चेहऱ्याचं आणि हृदयाचं जे व्हायचं ते होऊन गेलं, ते बदलत नाही. पण मेंदूचं अर्ध्याहून जास्त काम अजून बाकी आहे, वजन वाढण्याचं तर जवळपास सगळंच. आज बंद केली तर बाळ वजनाने बरं, डोकं बरं, वेळेच्या आधी होण्याचा धोका कमी. “आता काय उपयोग” हे वाक्य कोणालाही म्हणू देऊ नका.

सोनोग्राफी: १८ ते २० आठवड्यांची तपासणी करूनच घ्या. हृदय, ओठ-टाळू, मूत्रपिंड, पाठीचा कणा यांतले ठळक दोष दिसतील. मेंदूच्या कामातला बिघाड दिसत नाही. “रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे पिऊन काही झालं नाही” असा अर्थ घरचे काढतात. आधीच समजावून ठेवा.

सासूबाईंना उत्तर: त्यांचं खोटं नाही. प्रत्येक बाळाला होतंच असं नसतं. किती प्यायली, एका बैठकीत किती, कोणत्या आठवड्यात, पोटात अन्न होतं का, बाईचं वजन, रक्त, आई-बाळाची अनुवंशिक ठेवण, या सगळ्यांवर ते ठरतं. जुळ्यांमध्येसुद्धा एकाला जास्त, एकाला कमी झाल्याचं नोंदलेलं आहे. आणि “येडे निघाले का” हा निकषच चुकीचा. या मुलांतली बरीच वेडी नसतात, दिसायलाही इतरांसारखीच असतात. गणित येत नाही, सांगितलेलं उद्या आठवत नाही, एका जागी बसत नाहीत, शाळा पाचवी-सहावीत सुटते. गावात त्याला ‘टवाळ पोट्टा’ म्हणतात आणि विषय संपतो.

जाता जाता, हे काही कालपरवा सुचलेलं नाही. फ्रान्समधल्या नांत गावच्या पॉल लेमवान या बालरोगतज्ज्ञाने १९६८ मध्ये पिणाऱ्या आयांच्या १२७ मुलांचं वर्णन छापलं, तेव्हा फारसं कोणी लक्ष दिलं नाही. १९७३ मध्ये सिअॅटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये तेच लिहिलं आणि या आजाराला फीटल अल्कोहोल सिंड्रोम हे नाव पडलं.

---

बाटली_नि_लेबल (औषधनिर्माता)

डॉक्टरसाहेबांच्या हिशेबाला एक शंका जोडतो, कारण ती गावातला शिकलेला माणूस हमखास काढतो. आठवड्याला एखादा पेग घेणाऱ्या बायकांवरच्या अभ्यासांत एकसारखा परिणाम दिसलेला नाही. काहींत थोडा फरक सापडला, काहींत नाही. मग “थेंबही नको” का म्हणायचं?

माझं उत्तर असं. त्या अभ्यासांतली ‘थोडी’ ही लेबल लावलेल्या बाटलीतली, मापाने ओतलेली आणि पोटभर जेवणाऱ्या ६०-६५ किलोच्या बाईची आहे. पन्नीतल्या (प्लास्टिक पिशवीतल्या) दारूला तो आधार लावता येत नाही. आणि “इथपर्यंत चालते” असा आकडा आजवर कोणालाच ठरवता आलेला नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला शून्याचाच आहे.

बाटलीच्या दारूचे आकडे आशाताईंनी वहीत लिहून ठेवावेत. ९० मिलीची नीप, ४२.८ टक्के: ३० ग्राम. १८० चा पव्वा: ६१ ग्राम. ६५० मिलीची स्ट्राँग बिअर, ८ टक्के: ४१ ग्राम. म्हणजे बिअरची एक मोठी बाटली नीपेहून जास्त, आणि “बिअर म्हणजे थंडच ना” म्हणणाऱ्याला हेच दाखवायचं. ताडी-सिंदीचं वेगळं. पहाटे उतरवलेली नीरा गोड असते, पण उन्हात काही तासांतच आंबते आणि संध्याकाळपर्यंत साधारण बिअरच्या ताकदीला येते. “सिंदी उन्हाळ्याची, थंडाई” हे गरोदर बाईला चालणार नाही.

हातभट्टीत आणखी एक भानगड. सडवा लवकर यावा म्हणून नवसागर, काळा गूळ, कधी त्याहून वाईट काही टाकतात. आंबवताना थोडं मिथेनॉलही बनतं आणि ते पहिल्या धारेत जास्त येतं. गावात नेमकी तीच धार भारी समजतात.

दुकानातली जी ‘दारू’ कोणी दारू धरत नाही, तीही सांगून टाकतो. दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, द्राक्षासव ही आसव-अरिष्टं आंबवूनच बनतात. साधारण पाच ते दहा टक्के अल्कोहोल त्यात आपोआप तयार होतं, बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. ३० मिलीचा डोस आठ टक्क्यांनी म्हणजे दोन ग्रामच्या आत. ग्लासाच्या मानाने काहीच नाही, पण रोज दोनदा नऊ महिने घ्यायचं कारणही नाही. गरोदरपणात वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. खोकल्याच्या काही औषधांत अल्कोहोल असतं, दुकानदाराला “बिनाअल्कोहोलचं द्या” म्हणावं, मिळतं. हाताला लावायचं सॅनिटायझर, इंजेक्शनआधीचा स्पिरिटचा बोळा, याला घाबरू नका.

मोहफुलाला मात्र बदनाम करू नका. आंबवलं नाही तर त्यात दारू नाही. वाळलेली स्वच्छ फुलं भाजून केलेला लाडू किंवा भाकरीबरोबरचं शिजवलेलं मोह हे अन्न आहे. वास आंबूस झालेली, बुरशी धरलेली फुलं तेवढी टाकून द्यायची. “मोह खा, पिऊ नको” एवढं म्हटलं तर सासू-सून दोघी ऐकतात, कारण त्यांचं झाड तुम्ही हिरावून घेत नाही.

---

व्यसनमुक्ती_समुपदेशक

सोडवायची कशी, हा प्रश्न चौथ्या क्रमांकावर आला, पण जीव त्यातच अडकतो. “आजपासून बंद” हे सगळ्यांना सारखं सांगायचं नाही.

अधूनमधून पिणारीला, सणापुरती घेणारीला आजपासून पूर्ण बंद. काही त्रास होत नाही.

रोज पिणारीला आधी चार गोष्टी विचारा. सकाळी उठल्यावर हात थरथरतात का. अंग मोडून येतं म्हणून सकाळी घोट घ्यावा लागतो का. एखादा दिवस मिळाली नाही तर घाम, उलटी, छातीत धडधड, झोप उडणं होतं का. पूर्वी कधी बंद केल्यावर फिट आली होती का, किंवा नसलेलं दिसू-ऐकू येत होतं का. यातलं सकाळच्या घोटाचं किंवा फिटचं उत्तर ‘हो’ आलं तर घरी बंद करू देऊ नका. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर सुरू होते, आकडी बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते, आणि भ्रम, ताप, बडबड हे दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. गरोदर बाईला आकडी आली तर आई-बाळ दोघांचा प्राणवायू तुटतो. शिवाय पोटुशी बाईची फिट दिसली की सगळे रक्तदाबाच्या झटक्याचा विचार करतात. दारूची गोष्ट कोणी सांगितलीच नाही तर उपचाराची दिशा चुकते.

अशा बाईला १०२ किंवा १०८ ने उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात न्यायचं, जिथे स्त्रीरोग आणि मनोविकार दोन्ही आहेत. तिथे चार-सात दिवस दाखल करून, लक्ष ठेवून, गोळ्यांचा कमी कमी होत जाणारा डोस देतात. खाली वाचणाऱ्या सिस्टरसाठी एक ओळ: ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी थायमिन (बी-१). रोज पिणाऱ्या, कमी जेवणाऱ्या बाईला नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं बी-१ संपतं आणि मेंदूवर येतं.

दुसरा धोका घरातून. “न सांगता भाजीत टाका, दारू सुटते” अशा पुड्या बाजारात मिळतात. त्यात काय आहे ते लिहिलेलं नसतं, कित्येकदा डायसल्फिराम (दारू सोडवायचं औषध) असतं. ते गरोदरपणात वापरत नाहीत. वर दारू पोटात गेली तर उलट्या, रक्तदाब घसरणं, धडधड. पुडी घरात असेल तर ती उचलून आणा.

विचारण्याची पद्धतही सांगतो. “तुम्ही पिता का हो?” असं विचारलं तर उत्तर ‘नाही’च येतं. गडचिरोलीत १९९३ पासून, वर्ध्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, बाई आधी पोलिसांना घाबरते आणि मग नवऱ्याला. चंद्रपुरात २०१५ ला लागलेली बंदी २०२१ मध्ये उठली, तरी लाज तीच. म्हणून सासू-नवऱ्यासमोर नाही, तिला एकटीला, वजन घेता घेता विचारायचं: “पोटात लेकरू आहे हे कळायच्या आधी महिन्यात किती वेळा घेत होतीस?” कळायच्या आधीचं सांगायला लाज कमी वाटते. पुढचा प्रश्न: “चढायला किती लागते?” दोन पेगांच्या वर सांगितलं तर शरीर सरावलेलं आहे, म्हणजे पिणं बोलते त्याहून जास्त आहे. माप ‘थोडी’मध्ये घेऊ नका. तिच्याच घरचा ग्लास हातात देऊन “बोटाने दाखव, कुठवर?” म्हणा.

नोंद कुठे करायची, हा वादाचा मुद्दा आहे. माता-बाल कार्ड सगळं गाव बघतं, त्यावर मोठ्या अक्षरात लिहू नका. संदर्भ चिठ्ठीत लिहा आणि डॉक्टरांना तोंडी सांगा.

आणि नवरा पीत असेल तर तिचं एकटीचं सुटत नाही. घरात भट्टी, समोर ग्लास. निदान बाळंतपणापर्यंत भट्टी घराच्या बाहेर न्यायची एवढी एकच अट त्याच्याशी बोला. “पिणं सोड” म्हटलं तर तो उठून जातो. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानस (मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६, व्यसनासाठी १४४४६, दोन्ही फुकट.

---

झाडीपट्टी_आशा

आज जाऊन आले. ग्लास हातात दिला तर बोट अर्ध्याच्या बरंच वर गेलं. सकाळी थरथर नाही, सकाळचा घोट नाही, फिट कधी नाही. दोन दिवस नसली की झोप येत नाही आणि चिडचिड होते म्हणाली. हिला घरी बंद करता येईल का? दुसरं, ती खर्राही (तंबाखू-सुपारी) खाते, दिवसाला दोन-तीन पुड्या. दोन्ही एकदम सांगू की आधी एक?

---

वैअ_प्राआकेंद्र

एवढ्यावर दाखल करायची गरज दिसत नाही, पण बंद करायच्या दिवशी ती डॉक्टरांच्या नजरेखाली असावी. आधी केंद्रात आणा. रक्तदाब, नाडी, लघवीतलं प्रोटीन बघू, थायमिन सुरू करू, मग बंद. पहिले तीन दिवस तुम्ही सकाळ-संध्याकाळ चक्कर मारा. जिभेची-हातांची थरथर, घाम, उलटी, डोकं सैरभैर, यातलं काही दिसलं की वाट न पाहता गाडी बोलवा. घरात कोणीतरी रात्री तिच्याजवळ झोपायला हवं. झोपेची गोळी दुकानातून आणून द्यायची नाही.

पाणी, ताक, भाताची पेज भरपूर. संध्याकाळची ओढ साडेसहा-सातला येते, कामावरून आल्यावर, भुकेच्या वेळी. त्या वेळी आधी जेवण ताटात हवं. दारू कमी झाली की जेवण वाढतं आणि लोहाच्या गोळीची मळमळही सुसह्य होते. ९.२ ला लोहाची लाल गोळी दिवसातून दोनदा, चहासोबत नाही. सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी झाली नसेल तर याच फेरीत करून घ्या. आपल्या पट्ट्यात रक्त कमी असण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे, आणि सगळं खापर दारूवर फोडून ते निसटू नये.

---

उपकेंद्र_सिस्टर

खर्र्याचं: दोन्ही सांगा, पण दारू आधी बंद करवून घ्या आणि खर्रा त्याच आठवड्यात पुड्यांनी कमी करा, तीनचा दोन, दोनचा एक. तंबाखूने बाळाचं वजन घटतं, वार सुटण्याचा धोका वाढतो, आणि दारू-तंबाखू मिळून वजनाचं नुकसान एकट्या दारूपेक्षा जास्त. खर्रा सोडला नि गुडाखू धरला, असं होऊ देऊ नका. तीही तंबाखूच.

बाळंतपणानंतरचं कोणी लिहिलं नाही. “बाळंतिणीला घोटभर दिली तर दूध येते, अंग भरून येते” ही समजूत घट्ट आहे. उलट आहे. दारूने दूध उतरवणारं ऑक्सिटोसिन दबतं आणि पुढच्या काही तासांत बाळ नेहमीपेक्षा कमी दूध ओढतं. आईच्या रक्तात जेवढं अल्कोहोल तेवढंच दुधात, अर्ध्या ते एका तासात सगळ्यात जास्त. पिळून टाकल्याने दूध ‘साफ’ होत नाही. रक्तातलं उतरलं की दुधातलं आपोआप उतरतं, एका पेगला दोन-अडीच तास, लहानखुऱ्या बाईला त्याहून जास्त. तरीही स्तनपान बंद करायला सांगायचं नाही. आधी पाजा, दारू बंद ठेवा, आणि कधी घडलंच तर उतरेपर्यंत आधीच काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने. प्यायलेल्या माणसाने, आई असो की बाप, बाळाला कुशीत घेऊन झोपायचं नाही. बाळ दबून गुदमरतं. सर्दीला बाळाच्या टाळूला-छातीला ब्रँडी चोळणं, बोटाने चाटवणं हेही बंद. ताज्या बाळाची रक्तातली साखर दारूने घसरते.

---

शीघ्रहस्तक्षेप_थेरपिस्ट

बाळ झाल्यावर काय बघायचं ते लिहिते, कारण या मुलांचं निदान बहुतेक शाळेत गेल्यावर होतं, तेव्हा सोपी वर्षं निघून गेलेली असतात.

पहिल्या दिवसापासून: शेवटच्या दिवसांपर्यंत पीत असेल तर बाळ पहिल्या दिवसातच थरथरतं, किंचाळून रडतं, चोखणं कमजोर. साखर तपासायलाच हवी. हे दवाखान्यात व्हावं, म्हणून घरी बाळंतपण नको. २५०० ग्रामच्या खाली वजन आपल्याकडे बऱ्याच कारणांनी येतं, म्हणून नुसत्या वजनावर ठपका ठेवू नका. डोक्याचा घेर बघा. आई शेवटच्या महिन्यांत उपाशी राहिली म्हणून बाळ लहान झालं असेल तर बहुधा वजन कमी पण डोकं त्या मानाने बरं. दारूत डोकंही लहान राहू शकतं.

घेर मोजताना न ताणणारी टेप घ्या, शिवणकामाची जुनी लोंबलेली नको. भुवयांच्या वरून आणि मागे डोकं जिथे सगळ्यात फुगीर आहे तिथून, तीनदा, मोठा आकडा लिहा. जन्मताना डोकं दबलेलं किंवा सुजलेलं असतं, म्हणून तिसऱ्या दिवसाच्या भेटीत पुन्हा. दिवस पुरे झालेल्या बाळाचा सरासरी घेर ३४ सेंटीमीटरच्या आसपास. मुलाचा ३१.९ च्या किंवा मुलीचा ३१.५ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. एक वर्षाच्या वयाला हीच हद्द मुलाची ४३.५ आणि मुलीची ४२.२. एका आकड्यापेक्षा रेघ महत्त्वाची: दर भेटीत वाढतोय की अडलाय. आशाच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८, ४२ व्या दिवशी आहेतच, पुढे ३, ६, ९, १२, १५ महिन्यांना. प्रत्येकीत टेप न्या.

चेहऱ्यावरून गावात निदान करू नका. नाकाची दांडी बसकी, डोळे बारीक ही कित्येक घराण्यांची ठेवण असते. आईला ‘तुझ्या पिण्याने’ म्हणून हिणवायला सगळ्यांना निमित्त मिळतं आणि ती बाळाला तपासणीला आणायचंच बंद करते. शिवाय अशा बऱ्याच मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही.

टप्पे: दोन महिन्यांत ओळखून हसणं, चारपर्यंत मान, आठपर्यंत आधाराशिवाय बसणं, दीड वर्षापर्यंत चालणं, दोन वर्षांत दोन शब्द जोडून बोलणं. एखादा टप्पा लांबला तर ‘बाप बी उशिराच बोलला’ म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्यांच्या यादीत या आजाराचं नाव शोधू नका, नाही. ‘विकासातील विलंब’ या सदरात लिहवून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राला चिठ्ठी घ्या. तिथे ऐकू येणं, नजर, फिजिओथेरपी, बोलण्याची थेरपी एका छताखाली. हृदयात आवाज आला तर इको. इतिहास सांगाच, नाहीतर सहा वर्षांनी कोणालाच आठवत नाही.

बरं करणारं औषध नाही. पण सहा वर्षांच्या आत निदान झालं, घर शांत असलं आणि मारहाण नसली तर पुढचे प्रश्न, म्हणजे शाळा सुटणं, भांडणं, स्वतः व्यसनाला लागणं, खरोखर कमी होतात.

मोठ्या मुलांबाबत शिक्षकांना आणि घरच्यांना सांगण्यासारखं पुष्कळ आहे, थोडंच लिहिते. एका वेळी एकच काम सांगा. “जा, हात धू, दप्तर ठेव, बकरी बांध” यातलं पहिलं तेवढं डोक्यात राहतं, उरलेलं तो मुद्दाम टाळत नाही. रोजचा क्रम तोच ठेवा, भिंतीवर चित्रांनी लावा. सुट्टे पैसे, घड्याळ, तारीख या तीन गोष्टी सगळ्यात उशिरा येतात, कारण त्या दिसत नाहीत. खोट्या नोटा, खडे, दोऱ्याच्या गाठी घेऊन शिकवा. काल केलेल्या चुकीची शिक्षा आज दिली तर त्याला कारण-परिणाम जुळत नाही, मार फक्त आठवतो. गर्दी, लाऊडस्पीकर, मंडईने बिथरणारं पोर हट्टी नसतं, त्याला आवाज गाळता येत नाही. अपंगत्व प्रमाणपत्रात या आजाराचं वेगळं सदर नाही. बौद्धिक अक्षमता किंवा विशिष्ट अध्ययन अक्षमता यात बसत असेल तर २०१६ च्या कायद्याने प्रमाणपत्र मिळतं, तेव्हा बुद्ध्यांक चाचणी मागून घ्या.

---

झाडीपट्टी_आशा

सगळ्यांचे आभार. ग्लासाचा हिशेब वहीत उतरवला. या महिन्याच्या ९ तारखेला मातृत्व अभियानाच्या तपासणीला नेते, सोनोग्राफीची तारीख त्याच दिवशी मागते. सासूबाईंना भट्टीचं बोलले. “परसात नको त मग कोटे नेऊ, जंगलात?” म्हणाल्या. ‘हो’ म्हटलं.

---

उपकेंद्र_सिस्टर

९ ला सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी असते, आधी फोन करा. आणि सासूबाईंना सोबतच आणा, ग्लास घेऊन.